चित्रकार रेषेचा वापर कसा करतात? रेखाटन आणि मुद्राचित्रातील रेषा

चित्रात रेषा असते. डोळ्यांसमोरच्या वस्तूला ती नसते. टेबलावर ठेवलेल्या आंब्याभोवती काळी रेघ ओढलेली नसते. तिथे आंब्याचा रंग संपतो आणि मागच्या भिंतीचा रंग सुरू होतो, एवढेच. तरीही कागदावर चार वळणदार रेघा ओढल्या की लहान मूलही त्याला आंबा म्हणते. म्हणजे रेषा ही वस्तूची नक्कल नसून चित्रकाराने घेतलेला एक निर्णय असतो. कड नेमकी कुठे आहे, काय दाखवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्या रेषेत ठरते.

हा निर्णय कागदावर एकदाच घेतला तर तो एका चित्रापुरता राहतो. तो लाकडात किंवा तांब्यात कोरून छापला तर हजारो लोकांपर्यंत पोहोचतो. म्हणून रेखाटनातील रेषा आणि मुद्राचित्रातील, म्हणजेच प्रिंटमधील रेषा दिसायला सारखी असली तरी तिचे स्वरूप आणि तिचा परिणाम वेगळा असतो. हा फरक कसा पडतो, ते या लेखात पाहू. त्यासाठी मुख्य उदाहरण आहे गोव्याहून युरोपला गेलेल्या एका गेंड्याचे.

रेषेची कामे

रेषा चित्रात ढोबळपणे चार कामे करते.

पहिले काम कड दाखवण्याचे. या रेषेला बाह्यरेषा म्हणतात. ती आकार पार्श्वभूमीपासून वेगळा काढते.

दुसरे काम घाट दाखवण्याचे. वस्तूच्या पृष्ठभागाच्या वळणानुसार रेषा फिरवली की सपाट कागदावर गोलाई जाणवते. मडक्यावर आडव्या रेषा सरळ काढल्या तर मडके सपाट दिसते. त्याच रेषा पोटाशी खाली वळवल्या तर ते फुगीर दिसते.

तिसरे काम उजेड आणि सावली दाखवण्याचे. समांतर रेषा जवळजवळ काढल्या की तो भाग गडद दिसतो, विरळ काढल्या की फिकट. याला हॅचिंग म्हणतात. एका दिशेच्या रेषांवर दुसऱ्या दिशेच्या रेषा काढून जाळी केली की क्रॉस हॅचिंग होते. येथे करडा रंग मुळीच वापरलेला नसतो. काळी शाई आणि कोरा कागद यांच्या मिश्रणातून डोळ्याला करडेपणा भासतो.

चौथे काम गती आणि दाब नोंदवण्याचे. झपकन ओढलेली रेघ आणि सावकाश, जपून ओढलेली रेघ वेगळी दिसते. रांगोळी घालणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. चिमटीतून पूड एकसारखी सुटली नाही तर रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, आणि हात थबकल्याची जागा लगेच दिसते.

रेखाटनातील रेषा: साधन आणि हात

रेखाटनात रेषेचे रूप साधनावर अवलंबून असते. पंधराव्या शतकात युरोपात चांदीच्या तारेने रेखाटन करण्याची पद्धत होती. कागदावर आधी खरखरीत पांढरा थर देत. त्यावर चांदीचे टोक फिरवले की धातूचे सूक्ष्म कण चिकटून राखाडी रेघ उमटे. ही रेघ अतिशय बारीक असते. दाबून ती फारशी जाड होत नाही आणि सहज खोडताही येत नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, याच पद्धतीने स्वतःचे चित्र काढले. ते व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे.

बोरूची रेघ याच्या अगदी उलट. बोरूत शाई थोडीच मावते. त्यामुळे रेघ ठसठशीत सुरू होते आणि शाई संपत आली की कोरडी, तुटक होते. डच चित्रकार रेम्ब्रांटने या कोरडेपणाचा मुद्दाम उपयोग केला. भरलेल्या बोरूने जवळची वस्तू आणि कोरड्या बोरूने उजेडातली किंवा दूरची वस्तू, असा भेद त्यामुळे दाखवता येतो. पुढे व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे बोरूने काढलेल्या निसर्गचित्रांत गवत, झाडे आणि आकाश यांना ठिपके, आखूड फटकारे, वळसे अशी निरनिराळी चिन्हे दिली.

कुंचल्याची रेघ दाबानुसार क्षणात बारीक आणि क्षणात रुंद होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत खांदे, बोटे आणि पापण्या यांची गोलाई जशी रंगाच्या छटांनी दाखवलेली आहे, तशीच ती कुंचल्याच्या वळणदार रेषेनेही दाखवलेली आहे.

आजची पेन्सिल या सर्वांच्या मानाने नवी. फ्रान्सच्या निकोला-झाक काँते याने १७९५ मध्ये ग्राफाइटची पूड आणि माती एकत्र भाजून शिसे बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की शिसे टणक होते आणि रेघ फिकट उमटते. कमी केले की शिसे मऊ आणि रेघ काळी. शाळकरी मुलांच्या कंपासपेटीतल्या ‘एचबी’ आणि ‘टूबी’ पेन्सिलींमागे हेच तत्त्व आहे.

पेन्सिल, कोळसा किंवा सौम्य शाई यांमध्ये एक सोय असते. चित्रकाराला खात्री नसेल तर तो रेघ हलकी काढू शकतो. एकाच खांद्यासाठी तीन-चार फिक्या रेघा ओढून त्यातली एक पक्की करू शकतो. पाहणाऱ्यालाही ही शोधाशोध दिसते. छापताना मात्र नेमकी हीच सोय अनेकदा हरवते.

छापताना रेषेचे काय होते?

मुद्राचित्रात चित्रकार थेट कागदावर रेघ काढत नाही. तो आधी लाकूड, तांबे, दगड किंवा लिनोलियम यांवर काम करतो, त्याला शाई लावतो आणि त्यावर कागद दाबून छाप घेतो. थेट घेतलेला छाप उलटा उमटतो, म्हणजे डावे उजवीकडे जाते. म्हणून अक्षरे आणि सह्या उलट्या कोराव्या लागतात.

छापण्याच्या जुन्या पद्धती तीन.

पहिली उठावाची. लाकडाच्या फळीवर चित्र काढून, जिथे शाई नको तो भाग कोरून काढतात. उरलेल्या उंच भागावर शाई लागते आणि तोच छापला जातो. रबरी शिक्का याच तत्त्वावर चालतो. येथे काळी रेघ काढली जात नाही; ती शिल्लक ठेवली जाते. एका काळ्या रेघेसाठी तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढावे लागते. क्रॉस हॅचिंग हवे असेल तर जाळीतला प्रत्येक लहान चौकोन वेगळा खणून काढावा लागतो. पेनाने काही क्षणांत होणारी जाळी लाकडात खूप वेळ घेते.

दुसरी खोदीव पद्धत. तांब्याच्या पत्र्यावर खाच पाडतात, खाचांत शाई भरतात आणि वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून तो रुळांच्या प्रेसमधून दाबून काढला की कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलतो. अशा छापातली रेघ कागदावर किंचित उंच उमटते.

तिसरी सपाट पद्धत, म्हणजे शिलामुद्रण किंवा लिथोग्राफी. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डरने ती शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागावर टिकते आणि तेलकट शाई फक्त खडूच्या भागावर बसते. येथे काहीच कोरावे लागत नसल्याने खडूची दाणेदार रेघ जशीच्या तशी उतरते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना याच पद्धतीचा होता. तिथल्या देवदेवतांच्या चित्रांत मात्र रेषेपेक्षा रंगांच्या थरांना महत्त्व होते.

गोव्याहून गेलेला गेंडा

लाकडी ठशातल्या रेषेचे बळ आणि तिचा धोका, दोन्ही दाखवणारे चित्र म्हणजे ड्यूररचा १५१५ मधील ‘गेंडा’.

हा गेंडा गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याच्याकडून पोर्तुगिजांना भेट म्हणून मिळाला होता. गोव्यातील पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये जहाजातून पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्याकडे पाठवला. २० मे १५१५ रोजी जहाज लिस्बनला पोहोचले. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे मोठी खळबळ उडाली. प्राण्याचे वर्णन करणारे पत्र आणि एक कच्चे चित्र जर्मनीत न्यूरेंबर्गला पोहोचले. ड्यूरर तिथे राहत होता. त्याने गेंडा कधीही पाहिला नाही. आलेल्या माहितीवरून त्याने पेनाने एक चित्र काढले, जे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग त्यावरून लाकडी ठसा तयार केला. अशा ठशांसाठी फळी कोरण्याचे काम त्या काळी बहुधा व्यावसायिक कारागीर करत.

भारतीय एकशिंगी गेंड्याच्या कातडीला खरोखरच मोठ्या घड्या असतात आणि खांद्यांवर व पायांवर गाठी असतात. ड्यूररने या घड्यांच्या कडा जाड, बंदिस्त रेषांनी आखल्या. त्यामुळे प्रत्येक घडी स्वतंत्र पत्र्यासारखी दिसू लागली आणि गेंडा चिलखत घातल्यासारखा झाला. गाठींची त्याने गोल नक्षी केली. पायांवर खवले काढले. मानेमागे, पाठीवर एक छोटे पिळदार शिंग काढले, जे कोणत्याही गेंड्याला नसते.

येथे रेषेचा एक महत्त्वाचा गुण लक्षात येतो. खरी घडी आणि काल्पनिक शिंग, दोन्ही सारख्याच काळ्या, सारख्याच ठाम रेषेत उमटलेली आहेत. लाकडात ‘बहुधा असे असावे’ अशी फिकी रेघ कोरता येत नाही. लाकूड एकतर शिल्लक राहते किंवा निघून जाते. चित्रकाराला कोणत्या गोष्टीची खात्री होती आणि कोणती त्याने अंदाजाने भरली, हे छापावरून कळत नाही. शिवाय वर मजकूर छापलेला होता, त्यामुळे चित्राला बातमीचे वजन आले.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर या चित्रकारानेही त्याच गेंड्याचा लाकडी ठसा केला. त्यानेही बहुधा प्रत्यक्ष गेंडा पाहिला नव्हता. पण त्याच्या चित्रात चिलखत नाही, पाठीवर शिंग नाही आणि पुढचे पाय जखडलेले आहेत. तो प्राणी बंदिवान वाटतो. प्रत्यक्षाशी जास्त जवळ असूनही हे चित्र मागे पडले. त्याची एकच प्रत आज शिल्लक असून ती आल्बर्टिनामध्ये आहे. ड्यूररचा ठसा मात्र त्याच्या मृत्यूनंतरही पुन्हा पुन्हा छापला गेला. नंतरच्या छापांत फळीला गेलेली भेगही दिसते. प्राण्यांवरच्या ग्रंथांत पिढ्यान्‌पिढ्या हीच आकृती उतरवली गेली. अठराव्या शतकाच्या मध्याला ‘क्लारा’ नावाची गेंड्याची मादी युरोपभर फिरवली गेली आणि लोकांनी खरा गेंडा जवळून पाहिला, तेव्हा कुठे या चित्राची पकड सैल होऊ लागली.

लिस्बनच्या गेंड्याचा शेवट मात्र लवकर झाला. राजाने तो पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळीने बांधलेला गेंडा त्याबरोबर बुडाला.

तांब्यावरील रेषा

ड्यूरर सोनाराचा मुलगा होता आणि त्याने वडिलांकडे सोनारकाम शिकले होते. तांब्यावरचे कोरीव मुद्राचित्र, म्हणजे एनग्रेव्हिंग, सोनारकामाच्या नक्षीतूनच आलेले आहे. यात ‘ब्युरिन’ नावाची तिरप्या धारेची पोलादी कोरणी तळहाताने ढकलतात आणि वळण घेण्यासाठी हाताऐवजी पत्रा फिरवतात. कोरणी आत दाबली की रेघ रुंद होते, वर उचलली की निमुळती होऊन संपते. म्हणून ही रेघ स्वच्छ, शिस्तबद्ध आणि दोन्ही टोकांना बारीक असते. ड्यूररच्या १५१४ मधील ‘मेलेन्कोलिया’ या चित्रात धातू, कापड, लाकूड, केस आणि दगड यांचा पोत केवळ अशा रेषांची दिशा आणि दाटी बदलून दाखवलेला आहे.

या पद्धतीचे टोक फ्रेंच कलावंत क्लोद मेलाँने १६४९ मध्ये गाठले. त्याने ख्रिस्ताचा चेहरा एकाच अखंड रेषेत कोरला. ती नाकाच्या टोकापासून सुरू होते आणि चक्राकार फिरत बाहेर जाते. डोळे, केस, काट्यांचा मुकुट, सारे काही त्या एका रेषेला जागोजागी जाड-बारीक करून दाखवलेले आहे.

एचिंगमध्ये, म्हणजे अम्लरेखनात, पद्धत बदलते. पत्र्यावर मेणासारखा थर देतात आणि सुईने त्या थरावर चित्र काढतात. नंतर पत्रा आम्लात ठेवतात. थर खरवडला गेला तिथे आम्ल तांबे खाते. खाच हाताच्या जोराने नव्हे तर आम्लाने पडते, म्हणून सुई कागदावरच्या पेनासारखी मोकळी फिरते. रेघ किती काळी व्हायची ते पत्रा आम्लात किती वेळ राहिला यावर ठरते.

ड्रायपॉइंटमध्ये आम्लही नसते. टोकदार सुईने पत्रा थेट ओरखडतात. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कड उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि रेघ मखमली, पसरट उमटते. प्रत्येक छापाबरोबर ही कड दबत जाते, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात.

रेम्ब्रांटने ‘तीन क्रूस’ हे चित्र १६५३ मध्ये मुख्यतः ड्रायपॉइंटने केले. पुढे त्याने त्याच पत्र्यावर जोरकस उभ्या रेषांचे ओरखडे काढून सुरुवातीला स्पष्ट दिसणाऱ्या अनेक आकृती अंधारात बुडवल्या आणि काही खोडून नव्या घातल्या. अशा बदलांच्या प्रत्येक टप्प्याला ‘अवस्था’ म्हणतात, आणि दोन्ही अवस्थांचे छाप आज पाहायला मिळतात. ड्यूररच्या गेंड्यात न दिसणारी गोष्ट येथे दिसते: चित्रकाराने मत बदलले, आणि ते बदलल्याचा पुरावा रेषांतच राहिला.

पांढरी रेषा

उठावाच्या पद्धतीत काळी रेघ शिल्लक ठेवणे कष्टाचे, पण पांढरी रेघ काढणे सोपे असते. कोरणीचा एक फटका म्हणजे एक पांढरी रेघ. इंग्लंडच्या टॉमस ब्यूइकने (१७५३–१८२८) टणक लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक कोरणीने काम करून पक्ष्यांची पिसे अशा पांढऱ्या रेषांनी दाखवली.

विसाव्या शतकात लिनोलियम हा मऊ आणि स्वस्त पदार्थ कलावंतांच्या हाती आला. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडी यात्रेवरून केलेला लिनोकट प्रसिद्ध आहे. काळ्या पार्श्वभूमीवर काठी घेऊन चालणारे गांधीजी मोजक्याच पांढऱ्या कापांत उभे केले आहेत. तपशील कमी असल्यामुळेच ती आकृती दुरूनही ओळखू येते.

ठाम रेषा चुकीची माहिती पसरवू शकते, तशीच ती डोळ्यांनी पाहिलेले नाकारू न देणारी साक्षही ठरते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद भट्टाचार्य हे मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले आणि त्यांनी भुकेल्या माणसांची शाईने रेखाटने केली. मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात त्यांची चित्रे येत. ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे ते मुंबईत अंधेरीला अनेक वर्षे राहिले आणि राबणाऱ्या मुलांवर त्यांनी लिनोकट केले. त्यांच्या रेखाटनांत बरगड्या, गुडघे आणि डोळ्यांच्या खोबणी जाड काळ्या रेषांनी आखलेल्या आहेत. रेषेचा ठामपणा ड्यूररइतकाच आहे. फरक इतकाच, की चित्रकार त्या माणसांसमोर उभा होता.

चित्र पाहताना काय पाहावे?

प्रदर्शनात एखादे मुद्राचित्र समोर आले तर काही गोष्टी तपासता येतात. रेघेची दोन्ही टोके निमुळती असतील तर ती बहुधा ब्युरिनची. टोके बोथट आणि रेघ मोकळी असेल तर एचिंगची. कडा मखमली असतील तर ड्रायपॉइंटची. चित्राभोवती कागदावर आयताकृती दाब दिसला तर छाप धातूच्या पत्र्यावरून घेतलेला असतो. आधुनिक मुद्राचित्राखाली पेन्सिलीने ‘३/२५’ असे लिहिलेले असते, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी तिसरी. भिंग धरल्यावर रेघेऐवजी रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती ऑफसेटवर छापलेली प्रतिकृती होय, मूळ मुद्राचित्र नव्हे.

याशिवाय आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा असतो. ही रेघ चित्रकाराने पाहून काढली आहे, की ऐकून? रेषा स्वतः याचे उत्तर देत नाही. ती दोन्ही वेळा सारखीच ठाम दिसते. त्यासाठी चित्र कधी, कुठे आणि कशावरून काढले हे शोधावे लागते. पाठ्यपुस्तकातली आकृती, नकाशा किंवा वर्तमानपत्रातले रेखाचित्र पाहतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.